फुल्यांची नाव

१

सूर्यभानचं प्रेत धरणात बुडालेल्या एका जुन्या बाभळीला अडकलेलं सापडलं. पौषाचे दिवस होते, वारा सुटलेला, पाणी कमालीचं गार. त्याची नवीकोरी नाव मात्र कुठंच सापडली नाही. मासेमारांनी गळ टाकले, काठाकाठानं फिरून पाहिलं आणि शेवटी नाव तळाला गेली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मी चन्नप्पा एकशिंगे. साल अठ्ठ्याहत्तर, आणि मी जिंतूर भागात फौजदार होतो. जन्म कोरडवाहू गावातला, त्यामुळं पाण्याशी माझा संबंध आंघोळीपुरता. धरणामुळं उठवलेल्या लोकांची काठावर नवी वस्ती झाली होती आणि त्या वस्तीत मासेमारांची सोसायटी होती. तिला सरकारी मदतीतून ही नाव मिळाली, आणि चार दिवस पाण्यात फिरते न फिरते तोच ती माणूस घेऊन बुडाली.

गुन्हेगार शोधायचे कष्टही मला पडले नाहीत. तो आपल्या पायांनी चालत ठाण्यावर आला. त्याचं नाव सिताराम, जातीनं भोई, पिढीजात नावा बांधणारा. बुडालेली नाव त्यानंच बांधली होती आणि बुडालेला सूर्यभान त्याचा सख्खा भाचा होता. ठाण्याच्या ओट्यावर तो उकिडवा बसला आणि खालमानेनं म्हणाला, "सायेब, मला आत घाला. नाव माझ्या हातानं वाकडी झाली. भाच्याचा जीव मी घेतला."

"वाकडी झाली हे तुला कुणी सांगितलं?"

"मशिनीनं," सिताराम म्हणाला.

२

मशिनीचा खुलासा आबासाहेबांनी केला. हे सोसायटीचे चेअरमन. पांढरंशुभ्र धोतर, गोड बोलणं, आणि समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. मला ती सवय मुळीच आवडत नाही. त्यांनी टेबलावर एक लांबरुंद कागद पसरला. त्याच्या दोन्ही कडांना भोकं होती आणि मधे फुल्याच फुल्या छापलेल्या. जवळून पाहिलं तर रांगोळीचे ठिपके, जरा लांब सरकून पाहिलं तर चक्क नाव दिसायची.

मदत देणाऱ्या खात्याचा नियम असा होता, की नव्या नावेची मापं घेऊन परभणीला खिल्लारेबाईंकडे पाठवायची. या बाई कॉलेजात गणित शिकवत. त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. नावेची जागोजागची रुंदी आणि उंची आकड्यांत सांगितली, की मुंबईचा कॉम्प्युटर त्या आकड्यांवरून नावेचा आकार काढून द्यायचा. समोरून, बाजूनं आणि सुरीनं आडवी कापावी तसा. मापं सोसायटीचे सेक्रेटरी दत्तराव यांनी घेतलेली होती. कागद तयार होऊन आला तो मात्र सूर्यभान गेल्यानंतर.

"हे बघा फौजदारसाहेब," आबासाहेबांनी बोट ठेवलं. "मागच्या अंगाला डावी कड बसकी हाय. वाऱ्याचा एक झोत आला की हितून पाणी आत. माणूस चुकतंय, मशीन कामून खोटं बोलंल? सिताराम आपलाच हाय, मला बी वाईट वाटायलंय. पण कायदा म्हंजे कायदा."

कागदावर डावी कड खरंच खाली गेलेली दिसत होती. सितारामनंही मान उंचावून पाहिलं. "हाताला तर बराबर लागली होती," तो पुटपुटला. "पर कागदावर दिसायलीय की."

माणूस आपल्या हातावरचा विश्वास इतक्या सहज सोडून देतो याचा मला राग आला. पण पोलिसाच्या रागाला पुरावा लागतो, आणि पुरावा तर टेबलावर पसरलेला होता. त्याचा जबाब लिहून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी सही घ्यायची आणि त्याला परभणीच्या कोर्टात उभं करायचं असं मी ठरवलं. म्हणजे सिताराम तुरुंगात जाणार, आणि त्याच्या नावेत पुन्हा कुणी पाय ठेवणार नाही.

त्याच संध्याकाळी वस्तीत जाऊन मी सूर्यभानच्या आईला भेटलो. कडूबाई तिचं नाव, सितारामची थोरली बहीण. लेक गेला, आता भाऊ चालला होता. मला वाटलं, ही एक तर भावाला शिव्या देईल नाही तर माझ्या पाया पडेल. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. भिंतीकडं तोंड करून ती म्हणाली, "त्याला काई करू नगा. दोष माझा हाय."

"तुझा कसा?"

ती घागर उचलून पाण्याला निघून गेली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीच्या एस.टी.तून एक बाई उतरल्या आणि तडक ठाण्यात आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, सुती पातळ, खांद्याला मोठी पिशवी. "मी सत्यशीला खिल्लारे," त्या म्हणाल्या. "ते चित्र माझ्या प्रोग्रॅमनं काढलंय. त्यावरून तुम्ही माणूस अटक करताय असं काल खात्यात ऐकलं. घाई करू नका. त्यात काहीतरी चुकलंय, पण काय ते मला अजून कळत नाही."

त्यांनी पिशवीतून रबर लावलेला पत्त्यांचा गठ्ठा काढला. ठाण्यात पत्ते पाहून माझा जमादार कान टवकारून पुढं आला. ते जुगाराचे नव्हते, भोकं पाडलेली कोरी कार्डं होती. एकेका कार्डावर प्रोग्रॅमची एकेक ओळ, आणि सगळा गठ्ठा ओळीनं कॉम्प्युटरला भरवायचा. मग त्यांनी दुसरी वस्तू काढली, ती पाहून मात्र मला हसू आवरेना. ती काथवट होती, भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात.

"हसा," बाई म्हणाल्या. "प्रोग्रॅम तपासायला मला परभणीत नाव कोण देणार होतं? ही आईची काथवट मोजली. नावेसारखीच खोल आणि लांबोडी. हे तिचं चित्र."

चित्र हुबेहूब होतं. काथवटीच्या कडेचा एक टवका उडालेला होता, तोही फुल्यांत उमटला होता. म्हणजे मशीन आकड्यांशी इमान राखून होतं. मी तसं बोलून दाखवलं आणि विचारलं, "मग अडचण कुठं आहे?"

"आता नावेचं बघा." त्यांनी तो कागद माझ्यासमोर ओढला. "बांधणाऱ्याचं चुकलं तर ते बुडापासून चुकतं. बूड कललं की फासळ्या कलतात, फासळ्या कलल्या की फळ्या. इथं बूड चोख आहे. फासळ्या दोन्ही अंगांनी सारख्या आहेत. फक्त वरची कड, तीही डावीकडं एकाच जागी, खोलगट झालीय. उंबरठा झिजतो तशी."

"नवी नाव झिजेल कशी?"

"तेच विचारायला आले. आणि आणखी एक." त्या काथवट घेऊन उठल्या आणि ठाण्यामागच्या हौदाकडं गेल्या. मी आणि जमादार मागोमाग. त्यांनी काथवट पाण्यात सोडली, तरंगली. हातानं कलंडून दिली, पाणी भरलं, उलटली आणि पालथी तरंगत राहिली. मी अस्तनी वर करून तिला तळाशी दाबलं. हात काढताच ती वर आली.

"फौजदारसाहेब, वाऱ्यानं नाव उलटते हे मला मान्य आहे," बाई म्हणाल्या. "पण लाकडाची नाव उलटली तर पालथी होऊन काठाला लागायला हवी. सूर्यभानची नाव तळाला कशी गेली?"

नाव बुडाली, असं आपण म्हणतो आणि पुढं विचारच करत नाही. मीही केला नव्हता. सितारामचा लिहून ठेवलेला जबाब मी ड्रॉवरमध्ये टाकला आणि जीप काढायला सांगितली.

४

नव्या वस्तीच्या काठावर नावा पालथ्या घालून ठेवलेल्या होत्या. बाई प्रत्येकीच्या कडेवरून हात फिरवत चालल्या. एका काळ्याशार जुन्या नावेपाशी त्या थांबल्या आणि खाली वाकल्या. मी त्यांचा हात होता तिथं माझा ठेवला. लाकूड गुळगुळीत होतं आणि तळवा बसेल एवढा खोलगा पडला होता. नाव सुलटी करून पाहिली तर ती डावी कड निघाली, मागच्या अंगाची. जाळं ओढायला माणूस तिथंच बसतो, आणि वर्षानुवर्षं ओलं जाळं त्याच कडेवरून आत येतं.

जवळ एक म्हातारा मासेमार जाळं विणत बसला होता. ही नाव कुणी बांधली म्हणून मी त्याला विचारलं. "सितारामच्या बापानं," तो म्हणाला. "सितारामनं ह्याच नावंवरून साचा काढून नवी बांधली."

दत्तराव सोसायटीच्या खोलीत होते. सडपातळ, चष्म्याला दोरा बांधलेला, बोलताना सारखे पायजम्याचे गुडघे झटकणारे. त्यांना मी एकच सांगितलं, की जुन्या नावेची मापं मी आत्ता परत घ्यायला लावतो आणि कागदाशी ताडून पाहतो. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"ताडू नगा साहेब. कागद जुन्या नावंचाच हाय."

"का केलंत असं?"

"मी टेप घेऊन ग्येलो तवा पूजा झालती. हळदकुंकू लावून, खण वाहून नाव पाण्यात सोडायची तयारी चाललीती. कडूबाई आडवी आली. मनली, आता ही जितीजागती झाली. माप लावत्यात ते तिरडी बांधाया. माझं लेकरू हिच्यात बसनार हाय, हिला टेप लावू नगा. मी लय समजावलं. ती ऐकंना. मग मनली, आल्यासारखं च्या तरी घिऊन जा, आन आत ग्येली. मी इचार केला, म्हातारीचं मन कामून मोडावं? साचा एकच, माप एकच. जुनी नाव बाजूलाच होती. तिचीच मापं घेतली आन नव्या नावंचं मनून धाडून दिली. मला वाटलं, काय फरक पडायलाय."

मला या माणसाचा राग यायला हवा होता, पण आला नाही. म्हातारीचं मनही राखायचं आणि खात्याचा नियमही राखायचा, अशा कात्रीत सापडलेला आपल्याकडचा कुठलाही माणूस हेच करेल. राग आला तो पुढचं ऐकून.

"सितारामला धरायची वेळ आली तेव्हा तोंड का नाही उघडलंत?" बाईंनी विचारलं.

"उघडलं की. कागद आला त्याच दिशी चेअरमनला खरं सांगितलं. ते मनले, आता गप ऱ्हा, न्हाई तर खोटी मापं दिली मनून तूच आत जाशील."

म्हणजे माझ्या टेबलावर कागद पसरताना, बसक्या कडेवर बोट ठेवताना, ती नाव दुसरीच आहे हे आबासाहेबांना पक्कं ठाऊक होतं.

५

आबासाहेबांना लगेच गाठायचं नाही असं मी ठरवलं, पण त्यांनीच निरोप पाठवला. शेतात हुरडा भाजतोय, फौजदारसाहेबांनी यावं, पाहुण्या बाईंनाही आणावं. शेत धरणाच्या पलीकडच्या काठाला होतं. समोर दिसायचं, पण जमिनीवरून जायचं तर मोठा वळसा आणि खडकाळ वाट. जीपसुद्धा शेवटी लांब उभी करून मला, बाईंना आणि जमादाराला चालत जावं लागलं.

हुरडा फर्मास होता, सोबत शेंगदाण्याची चटणी. आबासाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून सितारामबद्दल हळहळत होते. बाई मात्र कणीस हातात घेऊन गव्हाच्या वाफ्याकडं बघत होत्या. पाणी हाताच्या अंतरावर आणि गहू पिवळा पडलेला. बांधावर नवी पाइपलाइन पाण्यापर्यंत गेलेली होती. काठाला सिमेंटचा कोरा चौथरा आणि त्यातून चार बोल्ट वर आलेले. चौथरा मोकळाच होता.

"इंजिन कुठंय?" बाईंनी सहज विचारलं.

"बिघडलं. परभनीला धाडलंय दुरुस्तीला."

बाईंनी एका बोल्टवरून बोट फिरवलं आणि मला खुणावलं. मी वाकून पाहिलं. बोल्टच्या आट्यांवर कारखान्यातलं ग्रीस तसंच होतं, त्यावर नट फिरल्याची खूण नव्हती. चौथऱ्यावर तेलाचा एक थेंब नव्हता. आता आईल इंजिन काही देवघरातली समई नव्हे. ते बसलं की चार हात जागा काळी करतं.

"आबासाहेब," मी म्हणालो, "ह्या चौथऱ्यावर इंजिन कधी बसलेलंच नाही. परभणीत इंजिनं विकणारे सिद्रामप्पा आमच्या पाहुण्यांतले आहेत. इंजिन कधी नेलं ते मी त्यांना विचारू, का तुम्ही सांगता?"

आबासाहेबांचा हात माझ्या खांद्यावरून निघाला.

मग बाईंनीच सांगितलं, वर्गात फळ्यासमोर सांगावं तसं, आवाज न चढवता. "लाकडी नाव तळाला गेली, म्हणजे तिला काहीतरी जड बांधलेलं होतं. नुसतं ठेवलेलं असतं तर उलटताना ते घरंगळून गेलं असतं आणि नाव वर आली असती. इथं चौथरा तयार आहे, पाइप तयार आहेत, गहू वाळतोय, आणि इंजिन नाही. चोरीला गेलं म्हणावं तर तुम्ही तक्रार केली नाही. ह्या वाटेनं इंजिन बैलगाडीतून येऊ शकत नाही, पाण्यातूनच यायला हवं. आणि जुन्या नावेचं चित्र नव्या नावेचं म्हणून दाखवायची गरज फक्त एकाच माणसाला होती. ज्याला नाव का बुडाली हे माहीत होतं, त्याला."

"समदं अंदाजानं बोलायल्यात," आबासाहेब म्हणाले.

"असेल," मी म्हणालो. "वैशाखात धरणाचं पाणी उतरतं. नाव कुठं आहे आणि तिला काय बांधलंय, ते तेव्हा गुराख्यांनाही दिसेल. तोवर मी थांबतो. तुमचे सालगडी तोवर गप्प राहतील का, ते बघा. इंजिन नावेत त्यांनीच चढवलं असणार."

गडी चुलाणापाशी हुरडा चोळत होते. चोळता चोळता त्यांचे हात थांबले. आबासाहेबांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, आणि धोतराचा सोगा सावरत बांधावर खाली बसले.

"सूर्यभान मनलता," ते म्हणाले, "नाव लहान हाय, वारा सुटलाय, उद्या नेऊ. मी मनलं गहू वाळायलाय. इंजिन हालायला लागलं तवा मीच मनलं, फासळ्याला आवळून बांध, काई व्हत न्हाई. मला काय ठाऊक असं व्हईल."

हे शेवटचं वाक्य मी खरं मानतो. त्यांनी कुणाला ठरवून मारलं नव्हतं. पण नंतर त्यांनी ठरवून जे केलं, ते मला जास्त वाईट वाटलं. एका भोळ्या माणसाला त्याच्याच हाताचा दोष म्हणून एक खोटं चित्र दाखवलं, आणि तो ते खरं मानतोय हे बघत बसले.

६

आबासाहेबांना जमादारासोबत पाठवून मी आणि बाई वस्तीत गेलो. सितारामला मी आधीच घरी सोडलं होतं. तो दारात बसला होता. कडूबाई आत, चुलीपाशी. एका छपराखाली राहून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. तो समजत होता, लेकाला मारलं म्हणून अक्का बोलत नाही. ती का बोलत नाही हे त्याला माहीत नव्हतं.

बाई आधी आत गेल्या. चुलीसमोर बसून त्यांनी विचारलं, "मावशी, दोष तुमचा असं तुम्ही का म्हणालात?"

कडूबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि म्हणाली, "दत्तरावला च्या टाकाया आत ग्येले. गूळ सापडंना मनून येळ लागला. तेवढ्यात त्यानं माझ्या लेकराच्या नावंला माप लावलं. कागद आला तवा समजलं. मी आत ग्येले नसते तर लावलं नसतं."

"नाही लावलं," बाई म्हणाल्या. "त्यानं जुनी नाव मोजली. सूर्यभानच्या नावेला कुणी माप लावलं नाही. तुमचा शब्द त्यानं पाळला होता."

माप लावल्यानं माणूस मरत नाही, असं गणिताच्या बाई सांगतील अशी माझी अपेक्षा होती. ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटतो तो तेव्हापासूनचा. कडूबाईनं पदर तोंडाला लावला. मग ती उठली, भिंतीला धरत बाहेर आली आणि भावाच्या शेजारी टेकली.

मी सितारामला सगळं सांगितलं. इंजिन, दोर, वारा, आबासाहेब. चित्र त्याच्या बापाच्या नावेचं होतं आणि त्याची नाव सरळ होती, हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्याला ते कळल्यासारखं दिसलं नाही.

"म्हंजे बराबर होती?" त्यानं विचारलं.

"तुमच्या बापाच्या नावेचं बूड, फासळ्या, सगळं चोख आहे, आणि तुमची त्याच साच्यातली होती," बाई म्हणाल्या. "मी फुली न् फुली पाहिलीय."

त्यानं आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि मांडीवर ठेवले. मला वाटलं, आता हा हसेल, निदान सुटल्याचा श्वास तरी टाकेल. त्याचा चेहरा एकदम वाकडा झाला. "अक्का," तो म्हणाला, "आपला सूर्यभान ग्येला गं."

आणि तो रडायला लागला, लहान पोरासारखा, आवाज काढून. कडूबाईनं त्याचं डोकं जवळ ओढून घेतलं. इतके दिवस तो गुन्हेगार म्हणून बसून होता. मामा म्हणून रडायला त्याला त्या दिवशी पहिल्यांदा सवड मिळाली. बाई आणि मी अंगणातून बाहेर आलो आणि जीपकडं निघालो.